पॅड उखडतो तो वायरमुळे : छोट्या इलेक्ट्रॉनिक बदलांसाठी वायर कशी निवडावी आणि कशी जोडावी

रेडिओच्या, खेळण्याच्या किंवा गेम कंट्रोलरच्या बोर्डावर चार वायरी जोडल्या. सोल्डर चमकलं, वस्तू चालू झाली, आणि झाकण लावताना एक वायर पॅडसकट, म्हणजे बोर्डावरच्या तांब्याच्या टिकलीसकट, हातात आली. मग दोष सोल्डरिंग आयर्नला जातो, फ्लक्सला (सोल्डर नीट धरावं म्हणून लावतात त्या पेस्टला) जातो, नाहीतर 'बोर्डच हलका होता' असं म्हणून विषय संपतो. बहुतेक वेळा चूक त्याआधीच झालेली असते. हाताशी होती ती वायर उचलली, आणि ती गरजेपेक्षा जाड होती. घरच्या वायरिंगमध्ये जाड वायर घेऊन सहसा कुणाचं बिघडत नाही. बोर्डावर मात्र जाड वायर म्हणजे चिमुकल्या पॅडला बांधलेली पहार.

हा लेख ३० व्होल्टच्या आतल्या कामापुरता आहे. २३० व्होल्टच्या बाजूला इथली कोणतीही वायर, जाडी किंवा चिकटवण्याची युक्ती वापरू नका.

आणखी एक, बाजारात जाण्याआधी: दुकानात 'सोल्डरिंगची वायर द्या' म्हटलं की समोर कथलाचं रीळ येतं. आपल्याला हवी ती 'हुकअप वायर', म्हणजे जोडणीची वायर.

## १. वायरीला हात लावण्याआधी कागदावर यादी

प्रत्येक जोडणीसाठी एक ओळ लिहा. त्यात पाच गोष्टी हव्यात:

- कुठून कुठे, आणि खऱ्या मार्गाने मोजलेली लांबी. सरळ रेषेत मोजू नका. दोरा टाकून मोजा आणि त्यात १५ ते २० मिमी वाढवा.
- जास्तीत जास्त किती करंट.
- दोन्ही टोकांच्या पॅडची रुंदी.
- झाकण उघडता-मिटताना, बटण दाबताना ही वायर हलणार का?
- जवळ काही गरम होतं का? रेग्युलेटर, ॲम्प्लिफायरची चिप, चार्जिंगची चिप वगैरे.

कंटाळवाणं काम आहे, पण दहा मिनिटांत होतं. ते न करता बसलं की सगळ्या जोडण्यांना एकच वायर वापरली जाते आणि ती निम्म्या ठिकाणी चुकीची ठरते.

## २. दोन मर्यादा काढा: खालची करंटची, वरची पॅडची

करंट सांगतो की वायर यापेक्षा बारीक नको. पॅड सांगतो की यापेक्षा जाड नको. वायर या दोन्हींच्या मधली निवडायची.

| एडब्ल्यूजी | तांब्याचा व्यास | एका मीटरचा रोध | बंद डब्यात, वीतभर लांबीसाठी सुरक्षित करंट |
|---|---|---|---|
| ३६ | ०.१३ मिमी | १.३६ ओहम | ५० मिलिअँपियर |
| ३० | ०.२५ मिमी | ०.३४ ओहम | २५० मिलिअँपियर |
| २८ | ०.३२ मिमी | ०.२१ ओहम | ५०० मिलिअँपियर |
| २६ | ०.४० मिमी | ०.१३ ओहम | १ अँपियर |
| २४ | ०.५१ मिमी | ०.०८४ ओहम | २ अँपियर |
| २२ | ०.६४ मिमी | ०.०५३ ओहम | ३ अँपियर |

एडब्ल्यूजी म्हणजे तारेच्या जाडीचं अमेरिकन माप; पुढे नुसतं 'गेज' म्हटलं आहे ते हेच. व्यास एकतारी (आत एकच तार असलेल्या) वायरचा आहे. बहुतारी (अनेक बारीक तारांची) वायर त्याच गेजमध्ये साधारण पाचव्या हिश्श्याने जाड भरते. शेवटचा रकाना मुद्दाम हात आखडून लिहिला आहे. यापेक्षा जास्त करंट गेला म्हणून वायर लगेच जळणार नाही. पण छोट्या कामात वायर तापण्याच्या कितीतरी आधी व्होल्टेज पडायला लागतं आणि घोटाळा तिथून सुरू होतो.

ते असं मोजा: लांबी दुप्पट करा, कारण करंट जातो तसा परतही येतो. तिला मीटरच्या रोधाने गुणा आणि मग करंटने गुणा. उदाहरणार्थ, ३० रंगीत एलईडींची ५ व्होल्टची पट्टी पूर्ण पांढऱ्या उजेडात प्रत्येकी ६० मिलिअँपियर धरली तर १.८ अँपियर घेते. पुरवठा एक मीटर दूर आहे. २८ गेज घेतली तर २ × ०.२१ × १.८ म्हणजे जवळपास पाऊण व्होल्ट वाटेतच गेला. पट्टीच्या टोकाचे दिवे पिवळट दिसतील आणि लोक पट्टी बदलत बसतील. तेच २२ गेजने केलं तर नुकसान ०.२ व्होल्टच्या आत.

आता वरची मर्यादा. तारेचा व्यास पॅडच्या रुंदीच्या निम्मा, फार तर दोन तृतीयांश असावा. मग तारेच्या दोन्ही अंगांना सोल्डरचा उतार बसायला जागा मिळते. व्यवहारात:

- आरपार भोकाचा, २.५४ मिमी अंतरावरचा नेहमीचा पॅड: २४ गेज निवांत, गरज पडली तर २२.
- १ मिमी रुंद टेस्ट पॅड: ३० किंवा २८.
- १.२७ मिमी अंतरावर पाय असलेली चिप (पाय साधारण ०.४ मिमी रुंद): ३०, आणि तीही एकतारी.
- ०.५ मिमी अंतरावर पाय असलेली चिप: इथे ३० गेजसुद्धा पायापेक्षा रुंद आहे. मोबाइल दुरुस्तीवाले ज्याने 'जंपर मारतात' ती ०.१ मिमीची इनॅमलची (वार्निशचा थर असलेली) तार हवी.

दोन मर्यादा एकमेकींना ओलांडत असतील तर? म्हणजे करंट एक अँपियर आणि पॅड १ मिमीपेक्षाही लहान. अशा वेळी वायरमध्ये तडजोड करू नका, जागा बदला. मल्टिमीटर बीपवर ठेवा आणि त्याच ट्रॅकवरचा (बोर्डावरच्या तांब्याच्या रेघेवरचा) मोठा मुक्काम शोधा: इलेक्ट्रोलिटिक कॅपॅसिटरचा पाय, कनेक्टरची पिन, स्विचचा टॅब, मोठ्या डायोडचं टोक. पुरवठ्याच्या ट्रॅकवर असा एक मुक्काम जवळजवळ नेहमी सापडतो.

तपासा: यादीतल्या प्रत्येक ओळीपुढे एक गेज लिहिलेला आहे ना? सगळीकडे एकच आकडा आला असेल तर पुन्हा पाहा.

## ३. गेजचा घोळ: ३० म्हणजे कोणतं ३०?

परदेशी व्हिडिओत '३० गेज' म्हणतात ते एडब्ल्यूजी, ०.२५ मिमी. आपल्याकडे इनॅमलची वाइंडिंग वायर पुष्कळदा एसडब्ल्यूजी या ब्रिटिश मापात विकली जाते आणि तिथलं ३० म्हणजे ०.३१५ मिमी. २२ एडब्ल्यूजी ०.६४ मिमी, तर २२ एसडब्ल्यूजी ०.७१ मिमी. दोन्ही पद्धतींत आकडा वाढला की तार बारीक होते, म्हणून फरक लक्षात येत नाही. दुकानात गेज न सांगता मिलिमीटर सांगा.

मुंबईत लॅमिंग्टन रोडला किंवा पुण्यात बुधवार पेठेत बहुतारी वायर मागितली की '७/३६', '१४/३८', '१४/३६', '२३/३६' असे आकडे ऐकू येतात. पहिला आकडा तारांची संख्या, दुसरा प्रत्येक तारेचा एसडब्ल्यूजी. ३६ म्हणजे ०.१९३ मिमी, ३८ म्हणजे ०.१५ मिमी. हिशेब केला तर:

- ७/३६ : सुमारे ०.२ चौरस मिमी, म्हणजे २४ एडब्ल्यूजी.
- १४/३८ : सुमारे ०.२५ चौरस मिमी, २३ च्या आसपास, आणि ७/३६ पेक्षा मऊ.
- १४/३६ : सुमारे ०.४१ चौरस मिमी, २१ च्या आसपास.
- २३/३६ : सुमारे ०.६७ चौरस मिमी. बोर्डाच्या पॅडवर हिचं काम नाही. स्पीकरला आणि पुरवठ्याच्या कनेक्टरला ठीक.

थोडक्यात, ७/३६ हीसुद्धा सिग्नलच्या बारीक पॅडसाठी जाडच आहे. नेमकी हीच वायर घरोघरी पडलेली असते.

## ४. एकतारी की बहुतारी

जिथे वायर बोर्डाला चिकटून, न हलता राहणार तिथे एकतारी. वळवली तशी राहते, टोकाला तंतू फुटत नाहीत, बारीक पायावर नेमकी बसते.

जिथे एक टोक बोर्डावर आणि दुसरं झाकणावर, बॅटरीवर किंवा स्पीकरवर आहे तिथे बहुतारी, आणि जितके जास्त तंतू तितकी चांगली. सिलिकॉनच्या २४ गेज वायरीत ०.०८ मिमीच्या ४० तारा असतात, ७/३६ मध्ये सातच. दोघींचं तांबं सारखं, पण झाकण पन्नासदा उघडल्यावर फरक कळतो.

बहुतारीत एक खोच आहे. सोल्डर तंतूंमधून वर चढतं आणि इन्सुलेशनच्या आत काही मिलिमीटर जातं. तेवढा भाग कडक होतो. जिथे कडक संपून मऊ सुरू होतं, नेमकी तिथेच वायर तुटते. बाहेरून इन्सुलेशन शाबूत, आत तार तुटलेली. आयर्न जास्त वेळ धरल्याचा हा परिणाम. सोल्डर जास्त वापरलं की तो आणखी वाढतो.

## ५. इन्सुलेशन: इथे घाई नको

गेज बरोबर असूनही काम बिघडतं ते बहुधा इन्सुलेशनमुळे.

पीव्हीसी. स्वस्त, रंग भरपूर. आयर्न टेकवला की आकसून मागे सरकते आणि सोललेली दोन मिलिमीटर तार बघता बघता पाच मिलिमीटर होते. ती उघडी तार शेजारच्या पॅडला लागते. मोठ्या पॅडवर चालते, दाटीवाटीच्या जागी नको.

पॉलिथीन. नेटवर्क केबलच्या आतल्या वायरींवर हेच असतं. पीव्हीसीपेक्षाही लवकर वितळतं. कॅट-५ई मधली एकतारी २४ गेज वायर ब्रेडबोर्डला (सोल्डर न करता वायर खोचायच्या भोकांच्या बोर्डाला) उत्तम, पण बारीक पॅडवर दोन्ही कारणांनी वाईट: जाड आहे आणि कडकही.

कायनार. वायर-रॅपची म्हणून मिळणारी ३० गेज, चांदीचा मुलामा असलेली एकतारी वायर. बाहेरून जेमतेम अर्धा मिलिमीटर. पातळ आणि चिवट, आकसते कमी, गोंदही बऱ्यापैकी धरते. सिग्नलच्या कामासाठी एकच रीळ घ्यायचं असेल तर हे घ्या.

टेफ्लॉन. आयर्नला दाद देत नाही, वितळबिंदू ३२७ अंश. गरम भागाजवळून न्यायला सर्वांत सुरक्षित. अडचणी दोन: साध्या स्ट्रिपरने नीट सोलत नाही, आणि तिच्यावर कोणताही नेहमीचा गोंद चिकटत नाही. हॉट ग्लूचा गोळा घातला तरी वायर त्यातून सुईसारखी सरकते. ती टेपने किंवा दोऱ्याने बांधावी लागते.

सिलिकॉन. २०० अंशांपर्यंत टिकते, दोऱ्यासारखी मऊ, बॅटरी आणि स्पीकरसाठी पहिली पसंती. पण जाड असते (२४ गेज बाहेरून १.६ मिमी) आणि धारदार कडेवर पटकन चिरते. धातूच्या फ्रेमवरून किंवा भागांच्या कापलेल्या पायांवरून नेऊ नका.

इनॅमल. तारेवर फक्त वार्निशचा थर. यात दोन जाती आहेत आणि त्या न ओळखल्याने सर्वांत जास्त 'ड्राय सोल्डर', म्हणजे वरून चांगले पण आतून न धरलेले जोड, होतात. पॉलियुरेथेनचा थर आयर्नच्या उष्णतेने जळून जातो आणि तार आपोआप कथील घेते. मोटार-पंख्याच्या वाइंडिंगचा थर उष्णता सोसण्यासाठीच बनवलेला, त्याला आयर्न काही करत नाही. तो ब्लेडने सर्व बाजूंनी खरवडावा लागतो. ०.१ मिमीच्या तारेवर हे करायला गेलात की तार तुटते. म्हणून घेताना 'डायरेक्ट सोल्डर होणारी' असं स्पष्ट सांगा.

तपासा: आयर्नच्या टोकावर सोल्डरचा थेंब घेऊन आयर्न ३८० ते ४०० अंशांवर ठेवा आणि तारेचं टोक त्या थेंबात दोन-तीन सेकंद बुडवा. बाहेर काढल्यावर चंदेरी दिसलं तर पॉलियुरेथेन. तांबूस किंवा काळं राहिलं तर वाइंडिंगची वायर, परत करा.

इशारा: पॉलियुरेथेन जळताना निघणारा धूर छातीला घातक असतो. खिडकी उघडी ठेवा, पंखा धूर दूर नेईल असा लावा, डोकं तारेवर धरू नका. टेफ्लॉन तर लायटरने जाळून कधीच सोलू नका.

## ६. विकत घेताना आणि भंगारातून काढताना

स्वस्त वायरीत तांब्याऐवजी तांब्याचा मुलामा दिलेलं ॲल्युमिनियम असतं, आणि तयार जंपर वायरींत कधी कधी लोखंडसुद्धा. ॲल्युमिनियमवाल्याचा रोध तांब्याच्या दीडपटीहून थोडा जास्त. सोल्डर सुरुवातीला घेते, पण मुलामा खरवडला गेला की कथील आत धरत नाही. शिवाय दोन-चारदा वाकवलं की तुटते.

तीन कसोट्या:

- चुंबक लावा. ओढली गेली तर लोखंड.
- एक तंतू ब्लेडने खरवडा. वर तांबूस आणि आत पांढरी म्हणजे ॲल्युमिनियम. उलट, वर चंदेरी आणि आत तांबूस म्हणजे कथिलाचा मुलामा दिलेलं तांबं, ते तर सोल्डरिंगला उत्तमच. हा फरक उलटा वाचून चांगली वायर फेकणारेही आहेत.
- शंका राहिलीच तर नेमकी एक मीटर वायर घ्या आणि तिच्यातून १ अँपियर सोडा (५ व्होल्टचा चार्जर आणि मालिकेत ५ ओहम, १० वॅटचा रेझिस्टर). वायरच्या दोन टोकांमध्ये मिलिव्होल्ट मोजा. २४ गेज तांब्यावर ८४ च्या आसपास येतील. १३० च्या घरात आले तर ते तांबं नाही. रेझिस्टर तापतो, हात लावू नका.

भंगारात सोनं असेल तर ते जुन्या संगणकाच्या चपट्या आयडीई केबलमध्ये. ४० तारांच्या केबलमध्ये २८ गेजची बहुतारी वायर, ८० तारांच्या केबलमध्ये ३० गेजची. हव्या तेवढ्या तारांची पट्टी फाडून घ्या. बटणांच्या किंवा डिस्प्लेच्या जोडण्या नीटनेटक्या होतात.

हेडफोनची वायर घेऊ नका. तिच्यात इनॅमल लावलेले केसासारखे तंतू नायलॉनच्या धाग्याभोवती गुंडाळलेले असतात. धागा जळतो, काजळी होते, निम्मे तंतू सोल्डर न घेताच राहतात आणि जोड वरून चांगला दिसतो.

## ७. काही जोडण्यांना गेज पुरत नाही

यूएसबीच्या दोन डेटा वायरी नेहमी एकमेकींना पीळ घालून, सारख्या लांबीच्या आणि शक्य तितक्या आखूड ठेवा. कीबोर्ड-माऊससारख्या संथ वस्तूंना थोडं वेडंवाकडं चालतं. पेन ड्राइव्ह किंवा कॅमेऱ्यासाठी ४८० मेगाबिटचा वेग असतो, तिथे पाच-सहा सेंटिमीटर सुट्या वायरीही त्रास देतात. नेटवर्क केबलमधली पीळ असलेली जोडी इथे कामी येते, पॅड मोठा असेल तर.

ॲम्प्लिफायरकडे जाणाऱ्या आवाजाच्या वायरीला जाळीदार शील्ड हवी आणि तिची जाळी एकाच टोकाला ग्राउंड करावी. क्रिस्टलचे पाय वायरने लांब करू नका. अँटेनाच्या जागी कोॲक्सिअल केबलच हवी.

## एक पूर्ण उदाहरण: बंद रेडिओच्या डब्यात ब्लूटूथ स्पीकर

डबा आणि ८ ओहमचा स्पीकर रेडिओचा. आत एक १८६५० लिथियम सेल, संरक्षण असलेला टीपी४०५६ चार्जिंग बोर्ड, ब्लूटूथ रिसीव्हर आणि पीएएम८४०३ ॲम्प्लिफायर.

सेल ते चार्जिंग बोर्ड, १० सेंमी: चार्जिंगचा करंट १ अँपियर, सेल काढ-घाल होणार. सिलिकॉन, २४ गेज. इथे ३० गेज लावली तर जाऊन-येऊन ०.०७ ओहम होतो, १ अँपियरला ७० मिलिव्होल्ट पडतात. बोर्डाला सेल भरत आल्यासारखा वाटतो, तो करंट लवकर कमी करतो आणि चार्जिंग रेंगाळतं. शिवाय शॉर्ट झाल्यास लिथियम सेल बारीक वायर क्षणात लाल करतो. सेलच्या अंगावर थेट सोल्डर करू नका. टॅब लावलेला सेल घ्या किंवा होल्डर वापरा.

चार्जिंग बोर्ड ते स्विच ते ॲम्प्लिफायर: २४ गेज. स्विच झाकणावर असेल तर बहुतारीच.

ॲम्प्लिफायर ते स्पीकर: २४ किंवा २६ गेज, दोन्ही वायरींना पीळ घालून. या चिपच्या स्पीकरच्या दोन्ही टोकांपैकी एकही ग्राउंड नसतं. 'काळी वायर म्हणजे ग्राउंड' समजून ती बॅटरीच्या ऋण टोकाला जोडली की चिप जाते.

ब्लूटूथ ते ॲम्प्लिफायर, आवाज: बारीक शील्डेड वायर, ५ सेंमीपेक्षा लांब नको. ब्लूटूथचा पुरवठा: २८ गेज पुरे. बटणं आणि एलईडी: ३० गेज कायनार. ब्लूटूथ बोर्डाच्या कडेला नागमोडी छापलेली अँटेना असते, तिच्यावरून एकही वायर नेऊ नका.

इशारा: रेडिओचं मूळ सर्किट ठेवून त्यात आवाज सोडायचा असेल तर आधी ग्राउंड तपासा. जुन्या जर्मेनियम ट्रान्झिस्टरच्या अनेक सेट्समध्ये बॅटरीचं धन टोक ग्राउंडला असतं. ब्लूटूथचं ऋण ग्राउंड त्याला जोडलं आणि बॅटरी एकच असेल तर सरळ शॉर्ट.

## ८. वायरीची तयारी, याच क्रमाने

१. यादीतल्या लांबीने कापा. लांबी उरली तर वळण देता येतं. कमी पडली तर वायर ताणली जाते आणि ताण पॅडवर येतो.

२. श्रिंक ट्यूब (गरम केली की आकसून जोडावर बसणारी नळी) लागणार असेल तर आत्ताच ओवा आणि जोडापासून निदान ३ सेंमी मागे ठेवा. जवळ राहिली तर सोल्डर करतानाच आकसते.

३. सोला. ३० गेजसाठी त्याच मापाचं भोक असलेला स्ट्रिपर हवा. दातांनी किंवा कटरने सोललेल्या एकतारी वायरीवर खाच पडते आणि ती तिथेच तुटते. सोललेल्या जागी भिंगातून पाहा. खाच दिसली तर कापून पुन्हा सोला.

४. आधी ३ ते ४ मिमी सोला, फ्लक्स लावून कथील चढवा, आणि मग टोक कापून १.५ ते २ मिमी ठेवा. नवशिके नेमका दोन मिलिमीटर आधी सोलतात, कथील चढवताना इन्सुलेशन मागे सरकतं आणि उघडा भाग वाढतो. कथील चढवताना इन्सुलेशनच्या कडेला चिमटा धरलात तर उष्णता चिमट्यात जाते आणि सोल्डर वर चढत नाही.

तपासा: कथील चढवलेल्या टोकावर तारांचा पीळ पुसट दिसायला हवा. गोळा झाला असेल तर सोल्डर जास्त झालं.

## ९. जोड: आधी बांधा, मग सोल्डर करा

इथे क्रम चुकतो तो जवळजवळ सगळ्यांचा. लोक आधी सोल्डर करतात, मग वायर वळवून मार्गाला लावतात. त्या वळवण्याचा सगळा जोर ताज्या जोडावर येतो.

वायर आधी मार्गाने बसवा. पॅडपासून ५ ते १० मिमीवर कॅप्टन टेपने (उष्णता सोसणाऱ्या पिवळट टेपने) बोर्डाला धरा. टोक पॅडवर आपोआप टेकलेलं राहील असं वळण द्या. हात सोडल्यावर टोक पॅडवरून उडत असेल तर ते वळण चुकलं.

मग आयसोप्रोपिल अल्कोहोलने पॅड पुसा, फ्लक्स लावा, पॅडवर सोल्डरचा पातळ थर द्या. ६३/३७ सोल्डर (६३ टक्के कथील, ३७ टक्के शिसं) १८३ अंशांना वितळतं, त्यासाठी आयर्न ३२० ते ३४० अंश पुरतं. बोर्डावर मुळात शिसंविरहित सोल्डर असेल तर ते २१७ अंशांच्या पुढे वितळतं. तिथे ३५० ठेवा आणि थोडं ६३/३७ मिसळून घ्या. तारेचं टोक चिमट्याने पॅडवर दाबून आयर्न एक ते दोन सेकंद टेकवा. आयर्न उचला, चिमटा आणखी दोन सेकंद तसाच. हात हलला तर जोड दाणेदार, निस्तेज होतो.

तीन सेकंदांत झालं नाही तर थांबा. पॅड गार होऊ द्या, फ्लक्स घाला, टोक स्वच्छ करा. धरून ठेवल्याने जोड होत नाही, पॅडखालचा गोंद सुटतो.

तपासा: लाकडी टूथपिकने वायर आडवी हलकेच ढकला. जोडात फट दिसता कामा नये. वर ओढून पाहू नका, पॅड आडव्या जोराला टिकतो, उभ्या ओढीला नाही.

## १०. वीज देण्याआधी

जोड झाल्यावर वायरीला कायमचा आधार द्या. कायनार आणि पीव्हीसीला हॉट ग्लू चालतो, पण गरम होणाऱ्या चिपजवळ तो मऊ पडतो. इनॅमलच्या तारेवर अतिनील प्रकाशाने वाळणारा सोल्डर मास्क उत्तम. सिलिकॉन वायर टेपने किंवा छोट्या पट्ट्याने बांधा. व्हिनेगरसारखा वास येणारं सिलिकॉन सीलंट वापरू नका, त्यातलं आम्ल तांबं खातं. फेव्हिक्विकने बोर्डावर पांढरी राख धरते आणि जोडाजवळची वायर कडक होते, म्हणून तेही नको.

मग मल्टिमीटर. प्रत्येक वायर दुसऱ्या टोकाच्या पुढच्या ठिकाणी मोजा, म्हणजे सोल्डरच्या गोळ्यावर प्रोब न ठेवता त्याच ट्रॅकवरच्या पुढच्या भागावर. ड्राय सोल्डर इथेच पकडला जातो. शेजारच्या पॅडशी बीप वाजत नाही ना ते पाहा. पुरवठ्याच्या धन-ऋण टोकांमध्ये बीप क्षणभर वाजून थांबला तर कॅपॅसिटर भरतोय. वाजतच राहिला तर बॅटरी लावू नका.

शेवटी झाकण हाताने तीन-चारदा उघडा-मिटा आणि पुन्हा मोजा. स्क्रूच्या खुंटीखाली वायर येत असेल तर ती आत्ताच वळवा, स्क्रू आवळल्यावर ती चेपली जाते.

## बिघाड दिसला तर वायरीत काय पाहाल

डबा हलवला की चालतं-बंद पडतं: बहुतारी वायर इन्सुलेशनच्या आत तुटली. सोल्डर चढलेल्या भागाच्या कडेला बोटाने वाकवून पाहा, तिथे ती लुळी पडते.

आवाज वाढवला की ब्लूटूथ तुटतं: पुरवठ्याची वायर बारीक, किंवा ब्लूटूथ आणि ॲम्प्लिफायर यांची ग्राउंड वायर एकच. दोघांना वेगळ्या ग्राउंड वायरी चार्जिंग बोर्डापर्यंत न्या.

सतत गुणगुण: शील्ड दोन्ही टोकांना जोडली गेली, किंवा आवाजाची वायर स्पीकरच्या वायरीशेजारून गेली.

पॅड उखडलाच: ट्रॅक मागे बघत जा, त्यावरचा हिरवा थर ब्लेडने २ मिमी खरवडा आणि ०.१ मिमीच्या इनॅमल तारेने तिथून जोड द्या. ही तार सिग्नलपुरतीच. ३ सेंमीला तिचा रोध ओहमच्या पंधराव्या हिश्श्याएवढा, पण पुरवठ्याचा करंट तिच्यावर टाकू नका. त्यावर सोल्डर मास्कचा थेंब घाला, आणि मूळ वायर आता त्या ट्रॅकवरच्या मोठ्या मुक्कामाला हलवा.